ओढायचं हाय का पळायचं?

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर वीस मिनिटं बोल." मी हो म्हटलं खरं. पण कालपासून बघतेय, निम्म्या लोकांची मुलं मला त्याच विषयावर प्रश्न विचारताहेत आणि उरलेल्या निम्म्यांना त्या विषयाचा कंटाळा आलाय. म्हणून मी विषय बदलते. आज मी एका जुन्या मोटारीच्या इंजिनाबद्दल बोलणार आहे. ते इंजिन मी दोनदा बांधलं. पहिल्यांदा स्वतःच्या हुशारीवर बांधलं, ते घाटात फुटलं. दुसऱ्यांदा आमच्या आप्पांना विचारून बांधलं, ते आजही चालतंय.

आपल्यापैकी बरेच जण उद्यमनगरच्या आवाजात वाढलो. आप्पांचं तिथं रिबोअरिंगचं वर्कशॉप होतं. एक लेथ, एक बोअरिंग मशीन, एक होनिंग मशीन आणि हाताखाली दोन पोरं. शेतकरी आपली ऑइल इंजिनं घेऊन यायचे. आपली शाळा दुपारची, त्यामुळं सकाळी डबा पोचवायचं काम माझ्याकडं. डबा ठेवून मी दारात रेंगाळायचे. आत पाऊल टाकलं की आप्पा म्हणायचे, "बाळ, कपडे खराब हुतील. घरी जा, अभ्यास कर." रागावून नाही, मायेनंच म्हणायचे. पण आत यायचं नाही, एवढं मला कळायचं. बारावीनंतर मेकॅनिकलला जागा मिळत होती. घरात ठरलं की मुलीला कम्प्युटर बरा. मीही फार भांडले नाही. त्याच कम्प्युटरनं पुढं पोटापाण्याला लावलं, घर दिलं, देश दाखवले. तक्रार नाही. फक्त दारात उभी राहिलेली ती मुलगी बरीच वर्षं तिथंच उभी होती.

चाळिशी ओलांडल्यावर मी सान होजेत शेजारच्या एका आजोबांकडून १९७१ सालची फोक्सवॅगन बीटल विकत घेतली. तीच ती, पाठीला बाक असलेली गोल गाडी. हिचं इंजिन मागं असतं आणि त्याला रेडिएटर नाही, पाणी नाही. चार सिलिंडर, दोन डावीकडं आणि दोन उजवीकडं, आडवे झोपलेले. त्यांच्यावर पंखा वारा घालतो. आपल्या बजाज स्कूटरचं इंजिन आठवा. बाजूच्या झाकणाखाली पंखा आणि सिलिंडरभोवती पत्रा, म्हणजे वारा इकडंतिकडं न जाता नेमका सिलिंडरच्या पात्यांमधून जावा. तीच युक्ती, फक्त मोठ्या मापात. सिलिंडरचा व्यास ८५.५ मिलिमीटर, स्ट्रोक ६९ मिलिमीटर, एकूण १,५८४ सीसी. अमेरिकेत त्या वर्षी हे इंजिन ६० अश्वशक्तीचं म्हणून विकलं गेलं. जर्मन मापानं मोजलं तर ५० भरायचं.

आमच्या घरापासून समुद्रावर जायचं तर हायवे १७ नं सांताक्रूझला जावं लागतं. मध्ये सुमारे १,८०० फुटांवर खिंड आहे. उंची आपल्या घाटांपुढं काहीच नाही, पण रस्ता वळणाचा, लेन अरुंद आणि कडेला थांबायला जागा जवळजवळ नाहीच. चौघं बसलो की आमची बीटल तिथं धापा टाकायची आणि मागचे लोक हॉर्न वाजवायचे. तेव्हा ठरवलं, इंजिनाचा जोर वाढवायचा.

या गाडीचे सुटे भाग मिळणं अवघड नाही, उलट निवडणं अवघड आहे. बीटल मेक्सिकोत पुएब्ला इथं ३० जुलै २००३ पर्यंत बनत होती. एकूण गाड्या २ कोटी १५ लाखांच्या वर. त्यामुळं आजही प्रत्येक भाग नवा मिळतो, तोही दहा प्रकारांत. मी काय केलं? आपण सॉफ्टवेअरवाले करतो तेच. एक तक्ता उघडला. प्रत्येक भागापुढं सगळ्यात जास्त अश्वशक्ती देणारा पर्याय लिहिला आणि मागवून टाकला. ८८ मिलिमीटरचे पिस्टन-सिलिंडर घेतले, कारण ते क्रँककेसला मशीनिंग न करता सरळ आत बसतात. कॅम घेतला तो शर्यतवाल्यांचा. कार्ब्युरेटर दोन, ४० मिलिमीटरचे. शिवाय क्रँकवर लहान पुली. तिचं नावच 'पॉवर पुली'. हेड मात्र जुनीच, घासूनपुसून बसवली. पैसे तिथपर्यंत पुरले नाहीत.

इंजिन चालू झालं तेव्हा आवाज असा की गल्लीतली पोरं गोळा झाली. पण सिग्नलला गाडी उभी राहिली की थरथरायची. तीन हजार आरपीएमच्या खाली दमच नाही. आणि तेल भयंकर तापायचं.

तिसरी गोष्ट खरी महत्त्वाची होती, ती मी पाहिली पण वाचली नाही. या इंजिनात टॅपेटचा गॅप थंड असताना ०.००६ इंच ठेवायचा असतो, आपल्या भाषेत सहा थाऊ. मी तपासला तेव्हा तीन नंबरच्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला दोनच थाऊ निघाला. पुन्हा सहाला लावला. काही आठवड्यांनी बघितला, पुन्हा कमी. पुन्हा लावला. असं तीनदा केलं. ऑफिसात एखादी वॉर्निंग सारखी यायला लागली की ती बंद करून पुढं जाणारे लोक असतात ना, त्यांच्यावर मी ओरडते. इथं मी तेच करत होते. गॅप आपोआप कमी होत होता म्हणजे व्हॉल्व्ह लांबत होता. उष्णतेनं मऊ पडलेली दांडी प्रत्येक ठोक्याला थोडी थोडी ताणली जात होती.

ती तुटली हायवे १७ वर, चढाला. मुलगी मागं बसली होती, तेव्हा नऊ वर्षांची. धाडकन आवाज झाला आणि गाडी भर लेनमध्ये मेली. मागून येणारा ट्रक थांबला, म्हणून आज हे भाषण होतंय. दोन अनोळखी माणसांनी ढकलत गाडी कडेला नेली. मुलीनं पुढं वर्षभर त्या गाडीत पाऊल टाकलं नाही, आणि मला तिला समजावायला तोंड नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आप्पा सहा महिन्यांसाठी आले. वय ७४. गॅरेजमधल्या बाकावर सगळे तुकडे मांडलेले होते. व्हॉल्व्हचं तुटलेलं डोकं पिस्टनमध्ये रुतलेलं होतं. आप्पांनी ते उचललं, धोतराला नाही, माझ्या चांगल्या नॅपकिनला पुसलं, उजेडात धरलं, सिलिंडरच्या काठावर अंगठा फिरवला. मग म्हणाले, "तुला गाडी ओढायची हाय का पळवायची?"

मी अश्वशक्तीचे आकडे सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. "आकडं ऱ्हाऊ दे. ओढायचं हाय का पळायचं?"

या प्रश्नात सगळं आलं. अश्वशक्ती म्हणजे पिळाचा जोर गुणिले फेरे. पळायचं असेल तर इंजिन जास्त फेऱ्यांवर श्वास घेणारं पाहिजे, मग खालच्या फेऱ्यांना ते कुरकुरणार. ओढायचं असेल तर दोन-अडीच हजार फेऱ्यांपासूनच भरगच्च जोर पाहिजे, मग वरचा वेग सोडून द्यायचा. चार माणसं घेऊन घाट चढणं हे ओढण्याचं काम. मी पळायचे भाग आणले होते, तेही एकमेकांची ओळख नसलेले. आप्पा म्हणाले, "वऱ्हाड गोळा केलंयस, पर नवरदेव ठरला न्हाई."

मग आम्ही दोघांनी पुन्हा यादी केली. ती इथं सांगते, कारण यात आपल्या शाळेचाही वाटा आहे.

आधी सिलिंडर. आप्पांनी माझा ८८ चा सिलिंडर बघितला आणि म्हणाले, "पातळ पातेल्यात दूध करपतंच." मशीनिंग न करता मोठा व्यास बसवायचा तर भिंतच पातळ करावी लागते. पातळ भिंत उष्णता सारखी पसरू देत नाही. सिलिंडर तापून लंबगोल होतो, रिंगा गळतात. म्हणून यावेळी जाड भिंतीचे ९०.५ मिलिमीटरचे घेतले. त्यासाठी क्रँककेस आणि हेड दोन्ही बोअर करून घ्यावी लागली, खर्च वाढला, पण १,७७६ सीसी मिळाले. ९४ चे घेतले असते तर १,९१५ झाले असते. लांब स्ट्रोकचा ८२ मिलिमीटरचा क्रँक टाकला असता तर दोन लिटरच्या पुढं गेलो असतो. पण मग केस आतून आणखी खरवडा, पत्रे पुन्हा जुळवा, आणि उष्णता त्याच पंख्यानं काढा. आम्ही ६९ चाच स्ट्रोक ठेवला. क्रँक मात्र काउंटरवेटवाला घेतला. मूळ क्रँकला काउंटरवेट नसतात, त्यामुळं जास्त फेऱ्यांना तो मधल्या बेअरिंगला मार देतो.

मग हेड. पहिल्यांदा जिथं पैसे वाचवले तिथंच आता सगळ्यात जास्त घातले. हवा आत-बाहेर जाते ती हेडमधून, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता बाहेर पडते तीही हेडमधूनच, सीट आणि गाइडवाटे. गाइड झिजलेली असेल तर व्हॉल्व्हला उष्णता द्यायला जागाच राहत नाही. माझ्या जुन्या हेडमध्ये तेच झालं होतं. नवीन हेड घेतली, व्हॉल्व्ह मूळ मापाचेच ठेवले, ३५.५ आणि ३२ मिलिमीटर. ४० मिलिमीटरचे इनटेक व्हॉल्व्ह मिळत होते. आप्पा म्हणाले, "ओढणाऱ्याला येवढं मोठं तोंड कशाला?"

आता कॉम्प्रेशन. इथं आपल्या रसायनशास्त्राच्या बाई आल्या. पहिल्या वेळी मी कॉम्प्रेशन मोजलंच नव्हतं, जाहिरातीत लिहिलं होतं तेच धरलं होतं. यावेळी हेड उलटं ठेवलं, व्हॉल्व्ह बसवले, वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी ग्रीस लावून दाबली, आणि ब्युरेटनं रंगवलेलं रॉकेल आत सोडलं. बाई, तुम्ही सांगितलं होतं तशी डोळ्यांच्या रेषेत धरून खालची कड वाचली. चारही चेंबर ५२ घनसेंटिमीटरच्या आसपास आणले, जिथं कमी होतं तिथं घासून. एका सिलिंडरचं आकारमान ४४४. पिस्टन वर आला की काठापासून दीड मिलिमीटर खाली राहत होता, त्या फटीत ९.६ घनसेंटिमीटर. म्हणजे ४४४ अधिक ६१.६, भागिले ६१.६. उत्तर ८.२. मूळ इंजिन ७.५ चं होतं. चेंबर ४६ चं असतं आणि फट एक मिलिमीटरची, तर तेच उत्तर साडेनऊच्या जवळ गेलं असतं, आणि चढाला इंजिन ठोकायला लागलं असतं. सहा घनसेंटिमीटर आणि अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक. गणिताचे सर नेहमी म्हणायचे, एकक लिहा, नाहीतर मार्क कापीन. सर, इथं मार्क नाही, पिस्टन कापला जातो.

कॅम. व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा हे कॅम ठरवतो. जास्त वेळ उघडा ठेवला तर वरच्या फेऱ्यांना हवा भरपूर भरते, पण खालच्या फेऱ्यांना आत आलेली हवा परत मागं जाते. सिग्नलला गाडी थरथरायची ती यामुळं. यावेळी एंगल डब्ल्यू-१०० हा सौम्य कॅम घेतला, २७६ अंशांचा. त्याच्या बरोबर टॅपेटही नवे. नव्या कॅमवर जुने टॅपेट घालायचे नाहीत. एकमेकांच्या खुणांवर चालायची त्यांना सवय नसते, दोघंही खराब होतात. इथं बसलेल्या सासवांनी याचा काय तो अर्थ काढावा.

कार्ब्युरेटर दोनच ठेवले, पण ३४ मिलिमीटरचे. मूळ गाडीत एकच असतो मधोमध, आणि तिथून लांब नळीतून हवा जाताना थंडीत पेट्रोल भिंतीला चिकटतं. दोन लावले की प्रत्येक हेडला जवळून पुरवठा. पण गळा फार मोठा झाला तर हवेचा वेग मंदावतो आणि पेट्रोल नीट फुटत नाही. चुलीची फुंकणी बारीक का असते, हे इथल्या निम्म्या जणांना सांगायला नको.

तेल. या इंजिनात अडीच लिटर तेल असतं आणि मूळ रचनेत फिल्टर नाही, नुसती जाळी. आम्ही पंपाच्या झाकणातून तेल बाहेर काढलं, फिल्टरमधून फिरवलं आणि केसला आटे पाडून परत आत आणलं. अश्वशक्ती यानं एकही वाढत नाही.

शेवटी वारा. हा खरं म्हणजे आधीच सांगायला हवा होता. पेट्रोलमधल्या उष्णतेतला जेमतेम पाव भाग चाकांना मिळतो. बाकीचा धुरावाटे आणि पात्यांवाटे बाहेर टाकावा लागतो. जोर वाढवला की हा टाकायचा भागही वाढतो. आणि मी काय केलं होतं? क्रँकवर लहान पुली लावली होती. त्याच पट्ट्यावर पंखा फिरतो, म्हणजे पंखाच हळू केला होता. पंख्याला लागणारी थोडी शक्ती वाचली, तीच 'पॉवर'. शिवाय रंगवताना दोन-तीन पत्रे काढून ठेवले होते, निरुपयोगी वाटले म्हणून. थर्मोस्टॅटनं उघडझाप होणाऱ्या झडपाही काढल्या होत्या. आप्पांनी एकेक पत्रा मागितला. "हे कुठलं? हे कुठं जातंय?" दोन मिळाले, एक नवा बनवला, त्यांनीच कात्रीनं कापून. इंजिनाभोवतीचं रबर नवं घातलं, म्हणजे खालची गरम हवा पुन्हा वर ओढली जाऊ नये. पुली मूळ मापाची लावली.

आता एक प्रसंग सांगते. पिस्टन आणि सिलिंडर जुळवून विकत मिळतात, तरी आप्पांचा नियम, मोजल्याशिवाय काही बसवायचं नाही. मधली फट सुमारे दोन थाऊ हवी. आप्पांनी मायक्रोमीटर हातात घेतला, चष्मा वर-खाली केला, मग काही न बोलता माझ्या हातात दिला. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, रेघा दिसत नव्हत्या. "तू वाच," म्हणाले. मी वाचलं. पिस्टन चारही वाचले, मग बोअर गेजनं सिलिंडर, वर, मध्ये, खाली. ते वहीत लिहीत गेले. वर्कशॉपमध्ये कुणीही माप घेतलं तरी आप्पा स्वतः एकदा परत मोजायचे, वीस वर्षं हाताखाली असलेल्या माणसाचंसुद्धा. मी वाट बघत होते, आता मुलीला किंवा जावयाला बोलावतील. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "घाल."

एवढंच. पण दारातली मुलगी त्या दिवशी आत आली.

इंजिन चालू केलं तेव्हा नवा कॅम बसावा म्हणून वीस मिनिटं दोन हजारांच्या वर धरलं. यावेळी गल्लीतली पोरं आली नाहीत, कारण आवाजच तेवढा नव्हता. पाचशे मैलांनी टॅपेट उघडले. फिलर गेज घेऊन मी तीन नंबरच्या एक्झॉस्टला सगळ्यात शेवटी गेले. सहा थाऊ. हजार मैलांनी पुन्हा सहा थाऊ. मग मुलीला म्हटलं, येतेस का? ती आली. खिंडीपर्यंत ती आणि आप्पा मागं बसून चिरमुरे खात होते, आणि मी तेलाच्या काट्याकडं बघत होते. कुणी हॉर्न वाजवला नाही.

मित्रांनो, आपण आता पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. काल जेवताना विषय काय होते? बीपी, शुगर, गुडघे. जोर वाढवायच्या नादात आपणही एकेक पत्रा काढून ठेवलाय. झोप निरुपयोगी वाटली, ती काढली. संध्याकाळचं फिरणं काढलं. वीस वर्षं एकमेकांना फोन केला नाही. टॅपेट सारखा घट्ट होतोय, आणि आपण गोळी घेऊन तो पुन्हा सहाला लावतोय. तुमचं तुम्ही बघा, मी माझं बघायला लागलेय.

आणि एक विनंती. माजी विद्यार्थ्यांचा निधी कशासाठी वापरायचा यावर उद्या बैठक आहे. माझी सूचना अशी, की एक छोटं जुनं इंजिन, चार मायक्रोमीटर आणि दोन बोअर गेज घेऊन शाळेत ठेवावं आणि आठवीच्या सगळ्या मुलामुलींना ते उघडून, मोजून पुन्हा बांधायला द्यावं. इंजिनाचा खर्च माझा. आपल्यातल्या ज्यांची फौंड्री आहे, मशीन शॉप आहे, त्यांनी वर्षातून एक दिवस दार उघडावं. आणि डबा घेऊन आलेली मुलगी दारात रेंगाळली, तर तिला कपड्यांचं सांगू नका. तिच्या हातात मायक्रोमीटर द्या आणि विचारा, "किती आलं?" ती जे सांगेल ते वहीत लिहा.

आप्पा आज घरी आहेत. निघताना विचारत होते, भाषणात काय सांगणार. मी म्हटलं, तुमचाच प्रश्न सांगणार आहे. ते म्हणाले, "मग उत्तर बी सांग, न्हाईतर लोक फुकट बसतील." उत्तर ज्याचं त्यानं ठरवायचं आहे. फक्त भाग मागवायच्या आधी ठरवा.